अहवालात १,६००, मग शिंपल्यात किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पारडीला राहता आणि तुमचे भाटवे कुहीकडच्या मच्छीमार संस्थेचे सभासद आहेत. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात, आंभोऱ्याच्या आसपास, जाळ्यात मासळीबरोबर झिंगे आणि खेकडे येतात आणि काठच्या गाळात मोठे काळे शिंपले सापडतात. संस्थेने पाणी तपासून घेतलं, तेव्हा अहवालात ‘फीकल कोलिफॉर्म (म्हणजे मुख्यतः विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा गट) १,६०० एमपीएन प्रति १०० मिली’ असं आलं. कुणीतरी सांगितलं की मर्यादा २,५०० आहे, म्हणजे पाणी पास. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हे शिंपले खायला आणि विकायला चालतील का, रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवले तर साफ होतील का, आणि उकळले की भागतं का.

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. त्या भागातले शिंपले खाण्यासाठी काढू नका आणि विकू तर मुळीच नका. झिंगे आणि खेकडे नीट शिजवून चालतील. तुरटीचा उपयोग नाही. उकळण्याचा आहे, पण आपल्याकडे ज्याला उकळणं म्हणतात त्याचा नाही.

आता तो आकडा. एमपीएन म्हणजे ‘मोस्ट प्रॉबेबल नंबर’, सर्वांत संभाव्य संख्या. यात जंतू एकेक करून मोजलेले नसतात. पाण्याचे १० मिली, १ मिली आणि ०.१ मिली असे भाग प्रत्येकी पाच-पाच नळ्यांत टाकतात, किती नळ्यांत वायू धरला ते बघतात आणि तक्त्यावरून अंदाज काढतात. या पद्धतीत पहिल्या पाचही, दुसऱ्या पाचही आणि तिसऱ्यातल्या चार नळ्या वाढ दाखवतात तेव्हा तक्ता १,६०० म्हणतो. पंधराच्या पंधरा नळ्या वाढल्या तर तक्ता ‘१,६०० पेक्षा जास्त’ एवढंच सांगू शकतो. खरा आकडा मग १,८०० असेल, नाहीतर १८ लाख. पुष्कळदा टंकताना ते ‘पेक्षा जास्त’चं चिन्ह गळतं आणि कागदावर नुसतं १,६०० उरतं. म्हणून प्रयोगशाळेला फोन करून एवढंच विचारा: नळ्यांची जुळणी काय होती, ५-५-४ की ५-५-५? ५-५-५ असेल तर त्या अहवालाला काही अर्थ नाही, नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावायला हवा. शहराखालच्या पाण्यासाठी १, ०.१, ०.०१ आणि ०.००१ मिलीपर्यंत जायला सांगा. आणि ५-५-४ असेल तरी पाच नळ्यांच्या पद्धतीत खरं उत्तर दिलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापासून तिपटीपर्यंत कुठेही असू शकतं, म्हणजे साधारण ५०० ते ५,०००. एका नमुन्यावर पास-नापास ठरवणं म्हणजे एका घासावरून लग्नाच्या पंगतीचा निकाल देणं.

२,५०० ची मर्यादा खरी आहे, पण ती आंघोळीच्या पाण्याची. नदीत डुबकी मारायच्या पाण्यात १०० मिलीला ५०० पर्यंत इष्ट आणि २,५०० पर्यंत कमाल, असा तो निकष. तुम्ही डुबकी मारता तेव्हा घोटभर पाणी पोटात जातं. शिंपला दिवसभर तेच पाणी गाळत बसलेला असतो, आणि तुम्ही खाता तो अख्खा गाळा, म्हणजे कवचातलं सगळं मांस, त्याच्या आतड्यासकट. आणखी एक गोम अशी, की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनासाठी जो ‘ड’ वर्ग आहे, त्यात सामू, विरघळलेला प्राणवायू (लिटरला किमान ४ मिग्रॅ) आणि मुक्त अमोनिया बघतात. कोलिफॉर्मची अट त्यात नाहीच. ‘पाणी मासेमारीला योग्य’ असा शेरा मिळाला तर त्यातून मासा त्या पाण्यात जगेल एवढंच कळतं. तो खाणाऱ्याचं काय होईल, ते त्या शेऱ्यात नाही.

शिंपल्याच्या पाण्यासाठी जगात चालणारे आकडे बघा. अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात सांडपाण्यातल्या कालवांमुळे टायफॉइडची साथ आली. सुमारे १,५०० लोक आजारी पडले, दीडशेच्या आसपास दगावले. त्यानंतर तिथे जी व्यवस्था उभी राहिली, तिचा नियम असा: थेट बाजारात जाणारी शिंपली जिथून काढायची, तिथल्या पाण्यात फीकल कोलिफॉर्मचा मध्यक १०० मिलीला १४ च्या वर नको आणि पाच नळ्यांच्या पद्धतीने १० टक्क्यांहून जास्त नमुने ४३ ओलांडायला नकोत. तिथे कालवं कच्ची खातात, म्हणून निकष इतका कडक, हे खरं. तरी १४ आणि १,६०० मधलं अंतर तुम्हाला दिसतंच आहे.

हे अंतर कापायला काय लागतं, त्याचा हिशोब साधा आहे. घराघरांतून येणाऱ्या कच्च्या सांडपाण्यात १०० मिलीला एक कोटीच्या घरात फीकल कोलिफॉर्म असतात. नुसतं पाणी मिसळून ते १४ वर आणायचं तर सात लाख पट पाणी हवं. जैविक प्रक्रियेचं केंद्र नीट चाललं तर ९० ते ९९ टक्के जंतू जातात. ऐकायला छान वाटतं. पण एका कोटीतले ९९ टक्के गेले तरी एक लाख उरतात. बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उत्तम, पाणी दिसायला नितळ, वासही नाही, आणि जंतू मात्र लाखात. शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणांची पायरी नसेल तर प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा शिंपल्यांच्या दृष्टीने सांडपाणीच.

नागपूरचा उतार कुठे जातो ते तुम्ही पारडीच्या पुलावरून रोज बघताच. अंबाझरीखालून निघालेली नाग नदी शहराचं पोट चिरत पूर्वेला येते, गोरेवाड्याकडून आलेली पिवळी नदी तिला मिळते, पुढे हे सगळं कन्हानमध्ये जातं आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. तिथून खाली पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणापर्यंत फुगवटा. भांडेवाडीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र मोठं आहे, तिथलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्रालाही जातं. पण नाल्यानाल्यांतून थेट नदीत उतरणारं पाणी केंद्राच्या दारात पोचतच नाही. फुगवट्यात पाणी संथ होतं आणि गाळ बसतो. जंतू एकटे तरंगत नसतात, मातीच्या कणांना चिकटून असतात, त्यामुळे तेही तळाशी बसतात. वरच्या उजेडातल्या पाण्यात ऊन त्यांना काही तासांपासून एक-दोन दिवसांत मारतं. तळाच्या काळोख्या गाळात ते आठवडेच्या आठवडे टिकतात. आणि शिंपला कुठे राहतो? गाळातच, अर्धा रुतून.

आता शिंपल्याच्या आत बघू, कारण मुख्य गोष्ट तिथे आहे. शिंपल्याला दोन क्लोम, म्हणजे कल्ले, असतात, पडद्यासारखे. त्यांच्यावरच्या बारीक केसांच्या लाटेने तो एका नळीतून पाणी आत ओढतो, क्लोमांवर कण अडकवतो, शेंबडात गुंडाळून तोंडाकडे ढकलतो आणि गाळलेलं पाणी दुसऱ्या नळीतून सोडतो. समुद्रातलं मोठं कालव उबदार पाण्यात दिवसाला दोनशे लिटरच्या जवळपास गाळू शकतं. आपल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं यंत्र तसंच. फार थंड पाण्यात हे काम मंदावतं, पण आपल्याकडे तेवढी थंडी पाण्याला कधी लागतच नाही. परिणाम असा की त्याच्या गाळ्यात जंतू भोवतालच्या पाण्याच्या कितीतरी पट साठतात. ही पट ठरावीक नसते: जातीनुसार, तापमानानुसार, गाळानुसार ती काही पटींपासून शंभर पटींपर्यंत हलते. म्हणून पाण्याच्या आकड्याला एखाद्या संख्येने गुणून शिंपल्याचा आकडा काढता येत नाही. आणि आज पाणी बरं असलं तरी परवाच्या पावसाचं त्याच्या पोटात असतंच.

म्हणूनच युरोपात पाणी नाही, शिंपला तपासतात. गाळा आणि आतलं पाणी मिळून १०० ग्रॅममध्ये ई. कोलाय (फीकल कोलिफॉर्म गटातला आतड्यातला जंतू) २३० पर्यंत असेल तर तो भाग ‘अ’ वर्ग, माल थेट बाजारात. त्यातही पाचात एखादा नमुना ७०० पर्यंत चालतो. ४,६०० पर्यंत ‘ब’ वर्ग, म्हणजे शुद्धीकरण करूनच विक्री. ४६,००० पर्यंत ‘क’ वर्ग, म्हणजे किमान दोन महिने स्वच्छ पाण्यात हलवून ठेवा, नाहीतर कारखान्यात शिजवा. त्याच्यावर असेल तर काढायचंच नाही. जिवंत शिंपल्यांसाठी कोडेक्सचा, म्हणजे अन्नाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा, आंतरराष्ट्रीय निकषही पाच नमुन्यांत २३० आणि ७०० याच जोडीवर आहे.

संस्थेला खरंच जाणून घ्यायचं असेल तर पाण्यावर पैसे घालण्यापेक्षा शिंपल्यावर घाला. एका जागेवरून १२ ते १५ जिवंत शिंपले घ्या. बाहेरचा गाळ तिथल्याच पाण्यात ब्रशने घासून काढा, पण नंतर पाण्यात बुडवून ठेवू नका. ते तोंड उघडून आतलं पाणी बदलतात आणि नमुना बिघडतो. कोरड्या, स्वच्छ पिशवीत भरा, वर जागा आणि तारीख लिहा, थर्मासच्या पेटीत ठेवा. बर्फाचे पॅक खाली, मध्ये जाड पुठ्ठा किंवा कापड, वर शिंपले. बर्फ थेट लागला तर ते मरतात, आणि मेलेला शिंपला तपासणीच्या कामाचा नाही. प्रयोगशाळेत गाळा आणि आतलं पाणी मिळून किमान ५० ग्रॅम निघायला हवं, १०० निघालं तर उत्तम. एका ग्रॅमला २ मिली पेप्टोन पाणी घालून वाटतात, पुढे दहा पट पातळ करतात आणि पाच-पाच नळ्या लावतात. तुम्ही पावती करताना एवढंच सांगा: ‘ई. कोलाय, प्रति १०० ग्रॅम, एमपीएन’. नुसतं ‘कोलिफॉर्म’ नको. एकूण कोलिफॉर्ममध्ये माती-पाल्यातले जंतूही येतात. फीकल कोलिफॉर्ममध्येसुद्धा क्लेबसिएला नावाचा जंतू घुसतो, जो कुजक्या पालापाचोळ्यावर आणि कारखान्यांच्या पाण्यात आपला आपण वाढतो. माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेची खात्रीची खूण ई. कोलायच.

पाणीही तपासायचंच असेल तर निर्जंतुक बाटली हातभर खोलीवर, तोंड प्रवाहाकडे करून भरा. वर बोटभर हवा ठेवा, नाहीतर हलवता येत नाही. डोंग्याच्या मागच्या बाजूने, वल्ह्याने ढवळलेलं पाणी घेऊ नका. बाटली १० अंशांच्या खाली ठेवा आणि सहा तासांत पोचवा. आंभोऱ्याहून नागपूर दीड-दोन तासांचं, पण मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बाटली तासभर राहिली तर जंतू वाढतात तरी किंवा मरतात तरी, आणि दोन्ही प्रकारे आकडा खोटा येतो. शनिवारी दुपारी नमुना नेऊन ‘सोमवारी लावू’ म्हणणारी प्रयोगशाळा असेल तर नमुना नेऊच नका.

कधी घ्यायचा, हे कुठे घ्यायचा याच्याइतकंच महत्त्वाचं. आपल्याकडे वाईट दिवस दोनदा येतात. एप्रिल-मेमध्ये कन्हान आटलेली असते, नाग नदीत जवळपास शहराचंच पाणी वाहतं, त्यामुळे मिसळायला चांगलं पाणी नसतं. दुसरा दिवस जूनच्या पहिल्या दणक्याचा: आठ महिने नाल्यांत आणि गटारांत साठलेला गाळ एका रात्रीत खाली येतो. लोक समजतात पावसाने नदी धुऊन निघाली. दिसतं तसंच, पण त्या पाण्यातल्या शिंपल्याचं पोट त्या दिवशी सर्वांत भरलेलं असतं. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडून शहर बुडालं होतं. तसल्या पुरानंतर तर निदान महिनाभर खालच्या अंगाला शिंपल्याचा विचारही करू नये. ऑक्टोबरच्या स्वच्छ सकाळी घेतलेला एकच नमुना म्हणूनच फसवा असतो. महिन्याला एक याप्रमाणे वर्षभर, त्यात पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांतले काही मुद्दाम धरलेले, असे आकडे हातात असतील तर बोलता येतं.

नमुन्याआधी एकदा काठ पायी फिरा, सकाळी सहाला. कुठे नाला उतरतो, कुठे गोठ्याचं शेण पाण्यात जातं, मैला उपसणारे टँकर रात्री कुठे रिकामे होतात, बदकं कुठे बसतात, चैतन्येश्वराच्या यात्रेला लोक कुठे थांबतात, हे नकाशावर टिपा. अर्धी उत्तरं या फेरीतच मिळतात. माणसाची घाण की जनावराची, हे ओळखायला कुणी कोलिफॉर्म आणि स्ट्रेप्टोकोकाय (विष्ठेतलेच दुसरे जंतू) यांचं गुणोत्तर काढून देत असेल तर त्यावर विसंबू नका. दोन्ही जंतू पाण्यात वेगवेगळ्या वेगाने मरत असल्यामुळे ती पद्धत केव्हाच बाद झाली आहे.

तुरटी. तुरटीने गढूळ पाणी निवळतं, कारण कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. शिंपल्याला मात्र ती झोंबते. तो कवच घट्ट मिटतो आणि पोटातलं पोटातच ठेवतो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं पाणी, याचंही तेच. सकाळी पाणी स्वच्छ दिसतं आणि शिंपला होता तसाच. रात्रभर साध्या पाण्यात ठेवला तर थोडी रेती टाकतो, एवढं खरं. पण बादलीतलं पाणी बदलत नसेल तर त्याने टाकलेली घाण तोच पुन्हा गाळतो.

खरं शुद्धीकरण असं चालतं: जाळीच्या ट्रेमध्ये शिंपले फार थर न लावता, टाकीच्या तळापासून वर उचलून ठेवलेले, त्यांच्यावरून सतत फिरणारं, अतिनील दिव्याखालून जाणारं पाणी, प्राणवायू भरपूर, आणि ब्रिटनमध्ये किमान ४२, अमेरिकेत ४४ तास. मध्ये नवा माल टाकायचा नाही, नाहीतर घड्याळ पुन्हा शून्यावर. शेवटी पाणी आधी खाली उतरवायचं, मगच ट्रे उचलायचे. उलट केलं तर तळाची विष्ठा ढवळून परत अंगावर येते. हे सगळं नीट केलं तर ई. कोलाय दोन दिवसांत खाली येतो. आणि फसगत इथेच होते. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस आणि काविळीचा हिपॅटायटिस-ए विषाणू शिंपल्याच्या ऊतीत अडकून राहतात, दोन दिवसांत निघत नाहीत. अहवालात ई. कोलाय बेपत्ता, आणि खाणाऱ्याला तीन-चार आठवड्यांनी कावीळ. म्हणून शुद्धीकरण मध्यम घाणीच्या पाण्यासाठी आहे, शहराच्या नाल्याखालच्या पाण्यासाठी नाही. तुमच्या जागेला टाकी बांधा असं मी सांगणार नाही. पैसे जातील आणि खोटा विश्वास येईल.

आता उकळणं. १९८८ मध्ये शांघायमध्ये जवळपास तीन लाख लोकांना हिपॅटायटिस-ए झाला, सांडपाण्यातल्या शिंपल्यांमुळे. तिथे शिंपले शिजवत नव्हते असं नाही. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून, कवच उघडलं की खायचे. कवच उघडणं ही शिजल्याची खूण नाही. आतला स्नायू सुटला की कवच उघडतं, आणि तो विषाणू मरण्याच्या बऱ्याच आधी सुटतो. नियम असा: गाळ्याच्या मध्यभागी ९० अंश आणि तिथे ९० सेकंद. घरच्या भाषेत, पाणी खळखळ उकळत असताना थोडे-थोडे शिंपले टाकायचे, उकळी मोडली तर ती परत येऊ द्यायची, कवचं उघडली की तिथून पुढे पाच मिनिटं मोजायची. आपले शिंपले तळव्याएवढे, गाळा जाड, म्हणून मी तर कवच काढून, गाळ्याचे तुकडे करून, आतड्याचा काळा भाग टाकून, पुन्हा रश्शात दहा मिनिटं उकळायला सांगेन, किंवा सरळ कुकरला दोन-तीन शिट्ट्या. सावजी रश्श्याच्या तिखटाचा जाळ जिभेला लागतो, जंतूंना नाही. त्यांना चुलीवरचा वेळच लागतो. ज्या ओट्यावर, ज्या परातीत कच्चे शिंपले फोडले, त्यावरच नंतर कोथिंबीर चिरली तर वरची सगळी मेहनत वाया. आणि टिचकी मारल्यावर न मिटणारा उघडा शिंपला आधीच मेलेला असतो, तो पातेल्यात जाऊच नये.

मग शिजवून खाता येतात, तर ‘काढू नका’ का म्हणतो? घरी तुम्ही हे कराल. बाजारात दोनशे गिऱ्हाईकांतला एक घाईत वाफ देऊन खाईल, आणि कच्चा माल हाताळणारी पोरं-बाया आधीच त्या पाण्यात हात घालून बसलेली. शिवाय शहराच्या पाण्याबरोबर येणारे जड धातू शिंपल्यात साठतात. ते ना उकळून जातात ना टाकीत ठेवून.

झिंग्यांचं गणित वेगळं. झिंगा आणि खेकडा पाणी गाळून खात नाहीत. जंतू त्यांच्या आतड्यात, कल्ल्यांत आणि अंगावर असतात, मांसात नाही. डोकं मोडून, पाठीची काळी दोरी ओढून, नळाच्या पाण्याने दोनदा धुऊन, रंग पूर्ण लाल आणि मांस पांढरं-अपारदर्शक होईपर्यंत शिजवले की घरच्या ताटात यायला हरकत नाही. खेकड्याच्या पाठीच्या कवचाखालचे पिसासारखे कल्ले काढून टाका, आणि तो अर्धाकच्चा भाजून कधीच नको. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसात जाणारा कृमी असू शकतो. बर्फ मात्र नदीच्या पाण्याचा नको. धुतलेल्या झिंग्यावर तो टाकला की धुणं फुकट.

शिंपल्याचं उत्पन्न सोडवत नसेल तर एक वाट आहे: मोत्यांसाठी शिंपले. त्यात शिंपला खाण्यासाठी विकायचा नसतो, त्यामुळे २३० चा निकष लागत नाही; पण मोती काढल्यावर उरलेला गाळा स्वस्तात ‘खायचा’ म्हणून गावात जातो, तो थांबवावा लागतो. उकडून, वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात घालता येतो. तळं मात्र पावसाच्या पाण्याचं, नाल्याचा शिरकाव नसलेलं बघा, आणि फुगवट्यातले शिंपले तिथे आणून टाकण्याआधी पाच-सात शिंपल्यांचा गाळा तपासून घ्या, म्हणजे घाण सोबत येणार नाही.

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे नमुने नियमित घेतं, त्यांत फीकल कोलिफॉर्मही असतो. आंभोऱ्याच्या वरचं आणि खालचं जवळचं नमुना घेण्याचं ठिकाण कोणतं, हे विचारून मागच्या तीन वर्षांचे मे आणि जूनचे आकडे संस्थेने लेखी मागावेत. तुमच्या १,६०० च्या शेजारी ते मांडून बघा, आणि प्रयोगशाळेला तो नळ्यांचा फोन आजच करा. कच्च्या नोंदींची वही ते फार दिवस ठेवत नाहीत.